मलेरियाचा माग गोरिलाच्या विष्ठेत

मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी 'प्लास्मोडियम फाल्सिपेरम' माणसात आला कुठून? संशय बराच काळ चिंपांझीवर होता. मध्य आफ्रिकेतील जंगलांतून चिंपांझी, गोरिला आणि बोनोबो यांच्या विष्ठेचे सुमारे ३,००० नमुने गोळा करून त्यांतील परजीवींचा डीएनए तपासला गेला. २०१० मध्ये उत्तर मिळाले : गोरिला.

माणसातील सर्व फाल्सिपेरम परजीवी या वंशवृक्षाच्या एकाच फांदीवर आहेत. म्हणजे गोरिलाकडून माणसाकडे ही उडी बहुधा एकदाच यशस्वी झाली. त्यात 'आरएच५' या जनुकाचा वाटा मोठा असावा. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या आधारे परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो. हे प्रथिन अडवले, तर पेशीचे दार बंद होते. म्हणूनच त्यावर बेतलेल्या लशीच्या चाचण्या आफ्रिकेतील मुलांवर झाल्या आहेत.