सभेत बोलताना पहिले मिनिट सांभाळा

शेतकरी मेळाव्यात तज्ज्ञांची व्याख्याने संपली की ‘शेतकऱ्यांचे मनोगत’ हा भाग बहुतेक ठिकाणी ठेवलेला असतो. मंडपात बसलेला शेतकरी खरी वाट पाहतो ती याच भागाची. शास्त्रज्ञ सांगतात ते प्रक्षेत्रावरचे असते. आपल्यासारखीच जमीन आणि आपल्यासारखीच विहीर असलेल्या माणसाला काय साधले, खर्च किती आला, कोठे फसगत झाली, हे त्याला ऐकायचे असते. परंतु पुष्कळदा असे दिसते की, सकाळी बांधावर उभे राहून अर्धा तास न थांबता माहिती देणारा शेतकरी माईकसमोर आला की, ‘मला बोलण्याची संधी दिली, आभारी आहे’ एवढे म्हणून खाली बसतो. माहिती त्याच्यापाशी असते, सांगण्याची हौसही असते. अडते ते फक्त छातीतल्या धडधडीपाशी.

ग्रामसभेत तर या गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला. गावाच्या विकास आराखड्यात कोणते काम घ्यायचे, हे तेथे ठरते. ज्याने तोंड उघडले त्याच्या वस्तीचा पाणंद रस्ता आधी होतो आणि न बोलणाऱ्याचा ऊस पावसाळ्यात शेतातच अडकून पडतो. हे योग्य नाही, पण घडते असेच. दूध संस्थेची वार्षिक सभा असो की पाणी वापर संस्थेची, अनुभव याहून वेगळा नाही. म्हणून सभेतील भीतीचा विषय शेतीच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारू नये.

शरीरात काय घडते?

आपले नाव पुकारले जाताच मेंदू धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात सोडतात. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, तळहातांना घाम येतो, हात थरथरतात. लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते आणि पोटात कालवाकालव होते. शेतात अचानक फणा काढलेला नाग समोर आला तरी नेमके हेच घडते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. सभेत पळायचे नसते आणि झुंजायचेही नसते, म्हणून ती तयारी अंगात तशीच घुमत राहते. तो भित्रेपणा नव्हे आणि आजारही नव्हे. पट्टीच्या वक्त्यालाही हे होते. फरक एवढाच की, ते होणार हे त्याला माहीत असते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही धडधड भाषणभर सारखी राहत नाही. व्यासपीठाकडे जाताना ती वाढत जाते, पहिल्या मिनिटाच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बोलणे सुरू राहिले तर हळूहळू उतरू लागते. बहुतेक लोक नेमक्या त्या पहिल्या मिनिटातच हार मानतात आणि ‘आपल्याला बोलता येत नाही’ असा कायमचा निकाल स्वतःविरुद्ध देऊन टाकतात. सेंट्रिफ्युगल पंपात आधी पाणी भरल्याशिवाय तो पाणी उचलत नाही. तसेच या पहिल्या मिनिटाचे आहे. त्याची तरतूद घरूनच करून न्यावी लागते.

गांधीजींचे उदाहरण

महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात या भीतीबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना ते शाकाहारी मंडळाच्या समितीत होते, पण बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा एका पानाचे भाषण लिहून नेले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते दुसऱ्याला वाचावे लागले. परत आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले, तो प्रश्नच सुचेना. पक्षकाराची फी परत करून ते बाहेर पडले.

पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात तेथील हिंदी व्यापाऱ्यांपुढे व्यापारातील सचोटी या विषयावर ते बोलले. आपल्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण म्हणता येईल ते हेच, असे त्यांनी लिहिले आहे. या वेळी ते विषयाची तयारी करून गेले होते आणि सांगण्यासारखे काही मनापासून होते. तरीही भीती कायमची गेली असे नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मोठ्या सभेत त्यांचा आवाजच पोचेना, तेव्हा ते भाषण अखेर दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखवले. ज्या माणसाने पुढे लाखोंच्या सभा घेतल्या त्याची ही कथा. एका सभेत फजिती झाली म्हणून माईकचे नाव टाकणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

पहिले मिनिट घरूनच तयार करा

संपूर्ण भाषण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्द निसटला की माळेचा दोरा तुटल्यासारखे होते. फक्त पहिली तीन-चार वाक्ये मात्र तोंडपाठ असावीत, झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी. ती साधी आणि आपल्या शेतातली असावीत. उदाहरणार्थ: ‘माझी ५ एकर जमीन आहे, त्यात ३ एकर सोयाबीन असते. पूर्वी मी एकरी ३० किलो बियाणे पेरत होतो. दोन वर्षांपासून रुंद वरंबा सरीवर पेरतो, आता २२ किलो पुरते. ते कसे जमले तेवढे सांगतो.’ इतके बोलून होईपर्यंत पहिले मिनिट निघून जाते, सभा कान टवकारते आणि पुढचे सारे आपल्या हातून झालेले असल्याने आपोआप आठवत जाते.

याउलट आपल्याकडे सुरुवात होते ती ‘व्यासपीठावर विराजमान असलेले’ या शब्दांनी. मग दहा-बारा मान्यवरांची नावे, पदे आणि बिरुदे. त्यांत एखादे नाव राहिले की जीव कासावीस होतो. भीती सर्वांत जास्त असते त्याच क्षणी माणूस हे अवघड ओझे डोक्यावर घेतो. ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि शेतकरी बंधू-भगिनींनो’ एवढे पुरे. नावे घेण्याचे काम सूत्रसंचालकाने केलेलेच असते.

पुढच्या भागासाठी मुद्द्यांचे टिपण जवळ ठेवावे, पण पातळ कागदावर नको. हाताची थोडी थरथर पातळ कागद मोठी करून दाखवतो आणि त्याचा आवाज माईकमधून घुमतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कोरी बाजू यासाठी उत्तम. त्यावर ठळक अक्षरांत पेरणीची तारीख, अंतर, खर्च, उत्पादन आणि भाव असे पाच-सहा आकडे लिहावेत. वाक्ये लिहू नयेत. आकडे एकरी की हेक्टरी, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. अडीच पटीचा घोळ सभेत लगेच कोणीतरी पकडतो.

तयारी मोठ्याने बोलून करावी. मनातल्या मनात म्हटलेले भाषण नेहमीच छान होते, त्यावर विसंबू नये. मळ्यात पाणी देताना, गोठ्यात धार काढताना दोन-चार वेळा बोलून पाहावे. नंतर घरच्यांपुढे किंवा बचत गटाच्या बैठकीत बोलावे. भगिनींसाठी तर बचत गट हे याचे उत्तम ठिकाण आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आहे. ती सभा केवळ सह्यांपुरती उरकली जात असेल, तर तेथेच पहिला प्रश्न विचारून सुरुवात करावी.

भाषेचीही भीती बाळगू नये. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी बोली घरात बोलता तीत बोला. पुस्तकी मराठी शोधण्यात अर्धी शक्ती खर्च होते आणि बोलणे परके वाटते. आमच्या मते मनोगतातला निम्मा रस बोलीतच असतो.

नाव पुकारण्याआधीची दहा मिनिटे

श्वासाचा उपाय बिनखर्चाचा आहे. खुर्चीवर बसल्याबसल्या नाकाने सावकाश श्वास घ्यावा, मनात चारपर्यंत मोजावे. मग सहा ते आठ मोजेपर्यंत तो हळूहळू सोडावा. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त असला पाहिजे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. दोन-तीन मिनिटे एवढे केले तरी पुरते. भराभर मोठे श्वास मात्र घेऊ नयेत, त्याने चक्कर येते.

रिकाम्या पोटी जाऊ नये आणि जेवणाच्या पंगतीवरून तडक उठूनही जाऊ नये. पाण्याचे दोन घोट घ्यावेत. चहाचे दोन-तीन कप टाळलेले बरे, कारण त्याने थरथर वाढते. तंबाखूने मन शांत होते अशी समजूत आहे, परंतु तंबाखूतील निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते. धीर यावा म्हणून दारूचा घोट घेणाऱ्याची जीभ सैल सुटते आणि आकडे चुकतात, हे सांगायला नको. काहीजण ऐकीव माहितीवरून धडधड थांबवणारी गोळी घेतात. अशी औषधे दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतात. डॉक्टरांनी तपासून दिल्याखेरीज ती घेऊ नयेत.

‘घाबरू नकोस’ असे स्वतःला बजावण्याचाही फारसा उपयोग होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे ऐकणाऱ्यांना अधिक पटणारी वाटली. यात नवल नाही. पोळ्याच्या दिवशी किंवा कुस्तीच्या फडातही छाती धडधडतेच, पण तिला आपण भीती म्हणत नाही.

माईकसमोर

दोन्ही पाय जमिनीवर घट्ट आणि खांद्याएवढ्या अंतरावर ठेवावेत. समोर टेबल असेल तर हात त्यावर टेकवावेत. माईक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर असावा; त्यावर फुंकर मारू नये की बोटाने टकटक करू नये. उभे राहिल्यावर लगेच सुरुवात न करता एक श्वास सोडावा आणि ओळखीचा एक चेहरा शोधून पहिले वाक्य त्याला सांगावे. नंतर डावीकडचा एक, उजवीकडचा एक, असे करीत जावे. बोलण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवावा.

आपली थरथर सगळ्यांना दिसते आहे असे बोलणाऱ्याला वाटते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले की, वक्त्याला स्वतःची घाबरगुंडी जेवढी उघड वाटते, तेवढी ऐकणाऱ्यांना दिसत नाही. इतकेच नव्हे, तर ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणून ‘मी जरा घाबरलो आहे, सांभाळून घ्या’ अशी प्रस्तावना करू नये. तोपर्यंत कोणाच्या ध्यानातही आलेले नसते.

ग्रामसभेत मुद्दा मांडायचा असेल तर तीन वाक्ये पुरतात. ‘आमच्या शिवाराचा पाणंद रस्ता पावसाळ्यात ३ महिने बंद असतो. त्यावर २२ खातेदारांची शेती आहे. हे काम यंदाच्या आराखड्यात घ्यावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी.’ सभेपूर्वी हे लेखी देऊन ठेवले तर आणखी चांगले. कोणी मध्येच आवाज चढवला तर आपला आवाज चढवू नये. थांबावे, त्याचे संपू द्यावे आणि तिसरे वाक्य तसेच पुन्हा म्हणावे. भीती असली तरी पाठ केलेले वाक्य पुन्हा म्हणता येते, वाद मात्र घालता येत नाही.

बोलता बोलता पुढचे आठवेनासे झाले तर थांबून कार्डाकडे पाहावे. आपल्याला तो खंड फार लांब वाटतो, सभेला तो श्वास घेण्याइतकाच वाटतो. तरीही काही सुचले नाही तर शेवटचा आकडा पुन्हा सांगून, ‘यावर कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा’ असे म्हणावे. प्रश्न आला की बांधावरच्यासारखे बोलणे सुरू होते. जे स्वतः केलेले नाही त्याबद्दल विचारले गेले तर, ‘हे मी करून पाहिलेले नाही, विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारू’ असे सरळ सांगावे. घरी आल्यावर विचारलेले प्रश्न त्याच कार्डाच्या कडेला टिपून ठेवावेत. पुढच्या सभेत त्यांतले दोन-तीन तरी पुन्हा निघतात.