अर्धापूरच्या बाजारात स्वेटरचं गाठोडं

पहाटे ५.१०
नांदेड, डिसेंबर. दहा बाय दहाची खोली, चार बायका. ती, तिची आई आणि त्यांच्याच गावच्या दोघी. भाडं साडेचार हजार, चौघींत वाटून. बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकलेला आहे. तो एकच, त्यामुळे अंघोळीला नंबर लागतात. आई पोळ्या लाटते, ती बटाट्याची भाजी परतते. डबा दोघींचा, पण आई नांदेडातच दुकान लावणार आणि ही अर्धापूरच्या बाजाराला जाणार.

वय तेवीस. जन्म गोठणगावचा, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. तिथे तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. १९७२ साली वसली. आजोबा तिबेटात जन्मले आणि गोंदियाच्या मातीत धान लावायला शिकले. नात बी.कॉम. झाली. थंडीचे चार महिने स्वेटर विकते.

६.००
गाठोडं बांधायचं काम डोक्याचं आहे. नांदेडात कॉलेजच्या मुलींना आखूड, बटणांचे कार्डिगन लागतात. ते अर्धापूरला न्यायचे नाहीत, ओझं होतं फक्त. तिथे हाफ स्वेटर, कानटोप्या, मफलर आणि बाळाचे सेट. पायमोजे वरच्या वर, म्हणजे सुट्टे काढता येतात. सगळं पांढऱ्या पोत्यात दाबून भरते, गुडघा लावून दोरी आवळते. पस्तीस किलो तरी होतं.

माल लुधियानाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे जाऊन उचलायचा, बराचसा उधारीवर. हंगाम संपला की फेडायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, व्यापारी कागद फारसा करत नाही. त्या उधारीवर सगळ्यांचा हिवाळा चालतो.

७.२०
बसस्थानकापर्यंत ऑटो साठ रुपये. बसमध्ये बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टर गाठोड्याकडे बघतो, लगेज फाडतो. तिच्या तिकिटापेक्षा गाठोड्याचं जास्त. गाव कोणतं, देश कोणता, असलं काही तो विचारत नाही.

८.१५
अर्धापूर. रस्त्याला केळीच्या गाड्या लागलेल्या. उसाचे ट्रॅक्टर येळेगावच्या कारखान्याकडे चाललेत. गाठोडं डोक्यावर घ्यायला एक हमाल वीस रुपये मागतो. ती मान हलवते आणि स्वतःच उचलते. बांबू इथल्याच एका चहावाल्याकडे ठेवलेले असतात, त्याचे दिवसाचे तीस. दोन उभे, एक आडवा, वर दोरी. खाली ताडपत्री. जॅकेट लटकवायची, बाकीचं जमिनीवर रचायचं. अर्ध्या तासात दुकान उभं.

शेजारी रेडिमेडवाला आहे, बारमाही बाजार करणारा. त्याच्याकडेही थोडे स्वेटर आहेत. "थंडी आली की हे लोक येतात, आमचं गिऱ्हाईक तोडतात," तो मला ऐकवतो. तिलाही ऐकू जातं. मग तो तिलाच पाचशेचे सुट्टे मागतो. ती देते.

९.४०
नगरपंचायतीचा ठेकेदार तहबाजारीची पावती फाडतो. चाळीस रुपये. जागा तेवढीच, पण रेडिमेडवाल्याकडून तीस घेतो. ती काही बोलत नाही. पावती पर्समध्ये जाते.

१०.१५
पहिलं गिऱ्हाईक केळी तोडणारे चौघे. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो चीक धुऊन जात नाही, म्हणून ते गडद रंगच बघतात. कानटोपी सत्तरची. चौघांच्या चार, दोनशे चाळीसला तुटतं. नांदेडच्या दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी आहे. इथे ती पाटी आणण्यात अर्थ नाही.

तिचं मराठी झाडीपट्टीचं. एक बाई भाव करता करता थांबते. "तुम्ही नेपाळच्या न्हाई का ओ? मराठी लई चांगलं बोलता." ती म्हणते, गोंदियाची. बाईला गोंदिया नेपाळपेक्षा लांबचं वाटत असावं. "असं का," म्हणते आणि दहा रुपये अजून कमी करायला लावते.

११.३०
तीन पोरं, एक मोटारसायकल. "चायना माल हाय का?" हे रोजचंच, ती हसून लुधियाना म्हणते. दुसरा मोबाईल वर धरतो, बहुतेक व्हिडिओ सुरू आहे. "रोहिंग्या-बिहिंग्या तर न्हाई ना? आधार दाखवा."

तो पोलीस नाही, नगरपंचायतीचाही नाही. तरी ती पर्स उघडते. आधारवर फोटो, नाव, खाली गोठणगाव, गोंदिया, महाराष्ट्र. पोरगा पत्ता मोठ्याने वाचतो. "आपलीच हाय रे." मोबाईल खिशात. जाताना एक मफलर घेतो, शंभरचा, पैसे पूर्ण देतो.

पर्सच्या मागच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत दुसरा कागद आहे. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, सगळे आरसी म्हणतात. परदेशी माणसाला मिळतं ते. त्यावर ती तिबेटी आहे. बाजारात तो कागद ती कधी काढत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ती निर्वासितही नाही. परदेशी. अर्जुनी मोरगावच्या मैत्रिणींनी पोलीस भरतीचे फॉर्म भरले तेव्हा हिने त्यांच्या फोटोकॉपी काढून आणल्या, तेवढंच.

दुपारी १.१५
गर्दी ओसरते. ती ताडपत्रीच्या कोपऱ्यावर डबा उघडते. रेडिमेडवाला लोणच्याची फोड पुढे करतो. हा तोच, सकाळचा.

फोन वाजतो. मामेभाऊ, पॅरिसहून. तिथे पावणेनऊ वाजलेत. तोही गोठणगावातच जन्मला. आता एका हॉटेलात भांडी घासतो आणि आश्रयाच्या अर्जावर मुलाखतीची वाट बघतो. त्याच्यासारखी बरीच तिबेटी पोरं तिथे आहेत. भारतातून गेलेला माणूस तिथे तिबेटी म्हणून आश्रय मागतो, हे समजवता समजवता त्याची दमछाक झाली आहे. "तू कधी येतेस?" तो विचारतो. ती म्हणते, आधी जॅकेटं संपू देत. दोघं हसतात.

२.४०
धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. म्हातारे आजोबा मफलर चाचपून बघतात. हदगावकडचे, मुलीकडे आलेत. "पोरी, कुठली तू?" ती खरं सांगते. का ते तिलाच माहीत. आजी-आजोबा तिबेटाचे, चीन आलं म्हणून निघाले.

आजोबा खालीच बसतात. "रझाकाराच्या टायमाला आमीबी निघालो होतो," ते म्हणतात. सात वर्षांचे होते. रात्री बैलगाडीनं पैनगंगा ओलांडली. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांनी सोडलेला भारत. उमरखेडला छावणी होती, पण हे लोक एकाच्या गोठ्यात राहिले. बाप रोजानं कामाला जायचा. "भाकरी दिली त्या लोकांनी. आन् शिव्याबी दिल्या. म्हणायचे, हे निजामाचे लोक आले आन् ज्वारी महाग झाली." पोलीस अ‍ॅक्शन झाली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, मग गावाकडे परतले. घराचं दार तेवढं चोरीला गेलं होतं.

हिशेब केला तर अर्धापूर भारतात आलं ते दलाई लामा यायच्या जेमतेम साडेदहा वर्षं आधी. हे मी आजोबांना बोलून दाखवत नाही. ते मफलरच्या भावात गुंतलेत. शंभरचा ऐंशीला मागतात. ती नव्वद म्हणते. ते काठी टेकून उठायला लागतात. ऐंशीला जातो.

४.३०
आता खरा बाजार. ऊसतोडीच्या बायका येतात, कडेवर लेकरं. कोपीत रात्री गारठा असतो, बाळाचा सेट त्यांना लागतोच. अडीचशेचा. पैसे कमरेच्या पिशवीतून निघतात, घडी घातलेल्या दहा-वीसच्या नोटा. एकीकडे तीस कमी पडतात. ती सेट देऊन टाकते. मी बघतोय हे पाहून म्हणते, "त्यात माझे चाळीस सुटतात. तीस गेले तरी दहा उरले." दया नाही, गणित आहे. बरं वाटलं मला ते.

गडबडीत एक हाफ स्वेटर गायब होतो. दोनशे ऐंशीची खरेदी. ती दोनदा ढीग उपसून बघते, मग सोडून देते.

६.१०
उजेड गेला. हँगर मोजायचे, बांबू चहावाल्याला परत. गाठोडं आता निम्मं. परतीच्या बसला गर्दी आहे, ती गाठोड्यावरच बसते. लगेज यावेळी कमी.

रात्री ८.४५
खोलीत वही उघडते. विक्री ९,२६०. मालाची खरेदी ६,४३०, त्यात हरवलेला स्वेटरही धरला. ऑटो, बस, लगेज, तहबाजारी, बांबू, चहा मिळून ३५०. उरले २,४८०. बाजाराचा दिवस म्हणून एवढे. साध्या दिवशी हजार सुटले तरी खूप. यातून भाडं, जेवण, लुधियानाची फेड.

आई पाय शेकत बसली आहे. तिचा जन्म १९७५ चा, गोठणगावचाच. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी मुलीच्या खटल्यात तेच सांगितलं. म्हणजे आई नागरिक, आणि आई नागरिक म्हणून २००१ ला जन्मलेली मुलगीही. पण २०१७ मध्ये सरकारने पासपोर्टसाठी अटी घातल्या. आरसी परत करा. तिबेटी वसाहतीत राहू नका. निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा.

वसाहतीतलं घर आजीने बांधलेलं आहे. मागे धानाची बांधी आहे. आईने अर्ज केला नाही, मुलीनेही नाही. तिच्या आरसीची मुदत मार्चमध्ये संपते. हंगाम उरकून, लोसारचा सण करून, ती नूतनीकरणासाठी गोंदियाला पोलिसांच्या कार्यालयात जाईल. फोटो आजच नांदेडात काढून ठेवलेत, आठ प्रतींचे साठ रुपये.