चालताना पाय भरून येतात? दोष कमरेत असू शकतो

बाजारापर्यंत चालत जाताना पाय भरून येतात, कंबर धरते. वाटेत क्षणभर बसले की बरे वाटते. साठीनंतरची ही तक्रार बहुधा वयावर ढकलली जाते. प्रत्यक्षात अनेकदा कमरेच्या मणक्यांमधील नसांचा मार्ग अरुंद होऊन पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब येत असतो. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर हा मार्ग किंचित रुंदावतो, म्हणून आराम पडतो. मात्र नुसते उभे राहूनही पोटऱ्यांतील कळ थांबत असेल, तर पायांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आवश्यक ठरते. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी तर ती टाळूच नये.

सतत पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. थांबत थांबत चालणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हितकारक. वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड व जठर यांना इजा संभवते.

लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे किंवा पायांतील शक्ती अचानक कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. विलंबामुळे झालेली हानी कायमची ठरू शकते.