मालक सांगतो, हमाल मान हलवतो, समजते किती?

हिंगोली जिल्ह्याचा विषय निघाला की व्यापारी माणसाच्या तोंडी आधी हळद येते, बाकीचे नंतर. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात उभे राहिले की पिवळ्या धुळीने डोळे चुरचुरतात आणि ट्रॅक्टरच्या रांगेचे शेवटचे टोक दिसत नाही. भावाबद्दल वर्तमानपत्रे रोज लिहितात. आम्हाला आज लिहायचे आहे ते या धुळीत उभ्या असलेल्या माणसांबद्दल आणि त्यांच्याशी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. आपल्या समाजातील अनेक बांधव आडतीत, गॅरेजमध्ये, फळांच्या गाड्यांवर, पॉलिश यंत्रांच्या दुरुस्तीत आहेत. दोन-चार माणसे हाताखाली असलेल्या प्रत्येकाला हा विषय लागू आहे.

हळदीचे एक पोते व्यापाऱ्याच्या गोदामात पोहोचेपर्यंत त्याला किती हात लागतात ते पाहा. काढणारी टोळी वेगळी, कुकरमध्ये शिजवणारी वेगळी, वाळल्यावर ढोलात पॉलिश करणारी वेगळी. यार्डात आल्यावर उतरवणारे हमाल, मापाडी, मुनीम, बोली लावणारे खरेदीदार, सांडलेली हळद झाडून गोळा करणाऱ्या बाया. शेतकरी मराठवाडी मराठी बोलतो, आडत्या दखनीत हाक मारतो, तांड्यावरून आलेला हमाल आपसात गोरमाटी बोलतो आणि परप्रांतीय खरेदीदाराचा माणूस फोनवर हिंदीत भाव विचारतो. सर्वांना सर्वांचे बोलणे कळते असे सर्वच धरून चालतात. घोटाळा तेथेच होतो.

आम्ही काही वर्षे एका आडत दुकानाची वही सांभाळली. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक आमची होती. ऐन हंगामात एका दुपारी आम्ही गादीवरूनच एका वयस्क हमालाला सांगितले, "मामा, फाटकाकडचा ढीग भरून घ्या." मामांनी मान हलवली. तासाभराने एक शेतकरी धावत आला. त्याच्या ढिगाची बोलीच झाली नव्हती आणि माल मात्र कट्ट्यांत भरून विकलेल्या मालाशेजारी लागला होता. त्याची निवडक कांडी होती, शेजारचा माल मिश्र गड्ड्याचा. दोन्ही एका भावाने गेले असते तर त्या माणसाचे वर्षभराचे कष्ट मातीत गेले असते.

मालक तापले. चारचौघांत, त्या शेतकऱ्यासमोर, मामांना म्हणाले, "उद्यापासून घरी बसा." मामा काहीच बोलले नाहीत. टोळीने मात्र हातातले हूक खाली ठेवले. दोन तास तोल बंद. शेवटी मुकादम आमच्याजवळ येऊन एवढेच म्हणाला, "मुनीमजी, फाटकं दोन आहेत." आमच्या मनात पूर्वेचे फाटक होते. मामा ज्या बाजूला सकाळपासून राबत होते, तेथून त्यांना पश्चिमेचे दिसत होते. आम्हाला हे त्या क्षणी कळले आणि तरीही आम्ही वहीत डोके घातले. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही.

संध्याकाळी मालकांना खरे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला काय सांगता? उद्या तिथेच सांगा." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच जागी, टोळीसमोर, चूक आपली असल्याचे सांगितले. मालकांनीही मामांची माफी मागितली. कट्टे पुन्हा मोकळे केले, मोजून वेगळे लावले, दुप्पट हमाली दुकानाने सोसली. शेतकऱ्याच्या कांडीला तिचा भाव मिळाला. मामा कामावर आले, पण त्यानंतर प्रत्येक सांगण्यावर ते विचारीत, "कोन्तं फाटक?" आम्हाला ते पहिले काही दिवस टोमण्यासारखे लागले. पुढे लक्षात आले की हाच प्रश्न आम्ही आधीपासून ऐकायला हवा होता.

मान हलवणे म्हणजे "ऐकले". "समजले" असा त्याचा अर्थ धरू नये. ज्याची रोजी मालकाच्या मर्जीवर आहे तो माणूस पुन्हा विचारायला कचरतो. एकदा विचारले आणि "इतकंही कळत नाही का?" असे ऐकले की तो पुढे आयुष्यात विचारत नाही, अंदाजाने काम करतो. त्या अंदाजाचा खर्च मालकाच्याच खात्यावर पडतो.

हिंगोलीवरून जाणाऱ्या पूर्णा–अकोला रेल्वेमार्गाचे उदाहरण घ्या. रेल्वेत स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला नुसते "फाटक लाव" म्हणून मोकळा होत नाही. जेथे ही पद्धत आहे तेथे गेटमन फाटक लावल्याचे फोनवर सांगतो, सोबत एक खाजगी अंक देतो आणि मास्तर तो अंक वहीत लिहितो. तेथे कोणी कोणाचा अपमान मानीत नाही. आडतीत खाजगी अंकाची गरज नाही, पण "काय करणार ते एकदा सांगा बरं" एवढे विचारायला काय लागते? मात्र ते परीक्षा घेतल्याच्या सुरात विचारू नये. "मी नीट सांगितलं का बघू" असे म्हटले की समोरचा मोकळेपणाने सांगतो.

याहून नाजूक गोष्ट पैशाची. पूर्वी अनेक बाजारांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, पण भाव त्यालाच कळत नसे. उघड लिलाव आले ते याच कारणाने. पण रुमाल बाजारातून गेला तरी कित्येकांच्या वहीत तो शिल्लक आहे. टोळीला हंगामाआधी उचल दिली जाते. किती दिली, त्यातून किती वळती झाली, आजारपणाचे खाडे धरले की नाही, हे मालकाच्या वहीत असते आणि मजुराच्या फक्त आठवणीत. हंगाम संपताना दोन आकडे निघतात आणि भांडण पेटते. बायकांची मजुरी तर पुष्कळदा पुरुषाच्या हाती जाते. तिचा हिशेब तिला कोणी सांगतच नाही.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, २८२) देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे, हे आपण व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. तीत रक्कम लहान असो वा मोठी, ती मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये असे बजावले आहे आणि मजकूर सांगण्याचे काम देणेकऱ्याकडे दिले आहे. म्हणजे दुबळ्या बाजूच्या तोंडून करार लिहिला जावा. आपल्याकडे नेमके उलटे: लिहितो मालक, अंगठा देतो मजूर. सूरह अल-कससमध्ये मदयनच्या वृद्धाने ह. मूसा (अलै.) यांना कामावर ठेवताना काय केले पाहा. मुदत आठ वर्षे, दहा पूर्ण केली तर ती तुमची खुशी, मी तुमच्यावर कष्ट लादू इच्छित नाही, हे सारे आधीच स्पष्ट सांगितले. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही हदीस आपल्या भाषणांत वारंवार येते. पण ह. अनस (र.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली आणि त्या काळात "हे का केलेस, ते का नाही केलेस" असे एकदाही ऐकले नाही, ही हदीस दुकानाच्या गादीवर बसल्यावर आठवत नाही.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. उचल फिटली नाही म्हणून माणसाला कामावर अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत नेमणूकपत्रावर भर आहे. आपले पुष्कळ दुकानदार यास कटकट समजतात. आमच्या मते नेमणूक, पगार आणि सुट्टी कागदावर आली की निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

सुट्टीवरून आठवले. जुम्याच्या नमाजसाठी आपण दुकान बंद करतो तेव्हा बाहेर उन्हात बसलेल्या हमालाला किती वाजता उघडेल हे सांगतो का? तसेच औंढ्याची महाशिवरात्रीची यात्रा आणि हिंगोलीचा दसरा हे दिवस दरवर्षी येणारच आहेत. कोणाला कधी सुट्टी हवी हे महिनाभर आधी विचारून भिंतीवर लिहिणारे एक फर्निचरवाले आमच्या परिचयाचे आहेत. रमजानमध्ये त्यांचे हिंदू कारागीर इफ्तारच्या वेळी न सांगता दुकान सांभाळतात. आम्ही कारण विचारले तर ते म्हणाले, "मी त्यांना विचारतो, म्हणून ते मला सांभाळून घेतात."

आमच्या त्या दुकानात नंतर एक बदल झाला. दोन्ही फाटकांच्या भिंतींवर चुन्याने मोठे १ आणि २ काढले आणि उचलीच्या दोन वह्या केल्या, एक गादीवर, एक मुकादमाजवळ. दर बाजाराच्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवून आकडे मोठ्याने वाचले जात. मामांना वाचता येत नव्हते, पण वाचन सुरू झाले की ते सर्वांत पुढे येऊन बसत.