धावणारा माणूस आणि धावते वर्णन

खेळ चालू असतानाच तो ऐकणाऱ्याला शब्दांनी सांगायचा, याला धावते वर्णन म्हणतात. क्रिकेटचे असे वर्णन तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीचे वर्णन करणे फार अवघड, बरं का! दहा हजार मीटरच्या शर्यतीत मैदानाला ४०० मीटरची एक, अशा २५ फेऱ्या घालायच्या असतात. अर्धा तास होत आला तरी माणसे आपली धावतच असतात. यात सांगायचे तरी काय? ते ज्यांना उमगले, अशा एका माणसाची ही हकिकत.

त्यांचे नाव ब्रेंडन फोस्टर. इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नदीकाठी हेबर्न हे गाव आहे. जहाजे बांधणाऱ्या आणि कोळसा खणणाऱ्या कामगारांचा तो मुलूख. तेथे १९४८ साली त्यांचा जन्म झाला. ज्या शाळेत ते शिकले, त्याच शाळेत पुढे रसायनशास्त्राचे मास्तर झाले. नोकरी सांभाळून ते धावण्याचा सराव करीत.

शेवटच्या फेरीत मुसंडी मारून जिंकणारे गडी पुष्कळ असतात. फोस्टर यांनी त्यांच्यावर तोड काढली. शर्यतीच्या मध्यावरच ते एक फेरी एकदम जोरात काढीत. मागचे गडी तेथेच हबकत. १९७४ साली रोम येथे याच युक्तीने त्यांनी युरोपातील ५,००० मीटरची शर्यत जिंकली.

त्याच वर्षी शेजारच्या गेट्सहेड गावात धावण्यासाठी नवी पट्टी तयार झाली. ती झाली तर आपण तिच्यावर विश्वविक्रम करू, असा शब्द फोस्टर यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला. ३,००० मीटर अंतर त्यांनी सुमारे ७ मिनिटे ३५ सेकंदांत तोडले.

ऑलिंपिकचे सुवर्णपदक मात्र त्यांना लाभले नाही. १९७६ साली माँट्रियल येथे १०,००० मीटरमध्ये ते तिसरे आले. धावणे, उड्या आणि फेकीच्या खेळांत त्या वर्षी ब्रिटनला मिळालेले ते एकच पदक. १९८० साली मॉस्कोला ते अकरावे आले. वय बत्तीस. आता पुढे काय?

पाय थकले, पण पायांनी शिकवलेले डोक्यात होते. फोस्टर बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर शर्यतींचे वर्णन करू लागले. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. प्रेक्षकाला नुसती धावणारी माणसे दिसतात. जाणत्याला त्यांतला दमलेला गडी दिसतो. त्याचे खांदे वर चढतात, मान ताठते, पाऊल आखूड पडते. जाणता घड्याळही पाहतो. ६५ सेकंदांत होणारी फेरी ७० सेकंदांवर गेली, की शर्यत मंदावली म्हणून समजावे. मग शेवटी वेग घेणाऱ्याचे फावते. हे उलगडून सांगितले, की त्या २५ फेऱ्यांत गोष्टीसारखा रंग भरतो.

२०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मो फारा यांनी १०,००० मीटरची शर्यत जिंकली. तेव्हा वर्णन करणाऱ्यांत फोस्टर होते. ३६ वर्षांपूर्वी याच अंतरात ते स्वतः तिसरे आले होते!

फोस्टर यांनी आणखी एक काम केले. न्यूझीलंडमध्ये त्यांनी सामान्य बायाबापड्यांना हजारोंनी रस्त्यावर धावताना पाहिले. तसेच आपल्या मुलखात व्हावे असे त्यांना वाटले. १९८१ साली त्यांनी न्यूकॅसल ते साउथ शील्ड्स अशी सुमारे २१ किलोमीटरची दौड सुरू केली. पहिल्याच वर्षी सुमारे बारा हजार माणसे आली. २०१४ पर्यंत ती पुरी करणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली.

२०१७ साली फोस्टर यांनी वर्णनाचे काम थांबवले. २०२० साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

मंडळी, या हकिकतीतून आपण काय घ्यावे? प्रत्येक कष्टकऱ्याच्या हातापायांत असेच ज्ञान असते. माती केव्हा वापशावर आली, बैल का अडला, भट्टी किती तापली, हे तुम्हाला बघताच कळते. पण ते मनातच राहिले तर तुमच्याबरोबर संपते. शब्दांत मांडले तर दुसऱ्याच्या उपयोगी पडते. आता तर तुम्हाला अक्षर येते. आपल्या कामातली एक खूण आजच चार ओळींत लिहून पाहा.