पंप तुमचा, बटण कुणाच्या हाती?

शेतातला पंप घरबसल्या मोबाइलवरून सुरू होतो, तेव्हा मोबाइल थेट पंपाशी बोलत नाही. मध्ये एक निरोप्या असतो, ‘एमक्यूटीटी ब्रोकर’. मोबाइल त्याच्याकडे ‘पंप सुरू’ हा निरोप देतो. त्या विषयासाठी नोंदणी केलेल्या यंत्राला तो पोहोचवतो. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये ही पद्धत आखली, ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. उपग्रहाचा वापर महाग, म्हणून निरोपावरचा तांत्रिक भार अवघ्या २ बाइटपासून सुरू होतो. शिवारातल्या कमकुवत रेंजला तेच पथ्यावर पडते.

‘मॉस्किटो’ हा मोफत ब्रोकर क्लाउडवरच्या छोट्याशा सर्व्हरवरही चालतो. घोळ पुढे होतो. २.० आवृत्तीपासून तो आपणहून बाहेरची जोडणी आणि निनावी प्रवेश नाकारतो. यंत्र जोडले जाईना, की वैतागून निनावी प्रवेश चालू केला जातो आणि १८८३ हे पोर्ट जगाला उघडे पडते. मग पत्ता सापडलेला कोणीही मध्यरात्री तुमचा पंप चालू करू शकतो. विहीर कोरडी असेल, तर मोटार गेलीच म्हणून समजा!

त्यापेक्षा ८८८३ पोर्टवर टीएलएस लावा, प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्या आणि कोणी कोणत्या विषयावर लिहायचे, तेही ठरवून टाका. पाण्याची पातळी कळवणाऱ्या सेन्सरला पंप चालू करण्याचा अधिकार असण्याचे काहीच कारण नाही.