मुलाला भूगोल केव्हां कळतो?

मुलाला भूगोल येतो किंवा नाहीं, हें पाहण्याची एक रीत सुशिक्षित घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पाहुण्यांसमोर मुलास उभें करावयाचें आणि विचारावयाचें, "सांग पाहूं, महाराष्ट्राची राजधानी कोणती? भारताची कोणती? जपानची कोणती?" तीन नांवें धडाधड आलीं कीं आईबापांचें समाधान होतें. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पाठांतर हाही बुद्धीचा एक व्यायामच आहे. परंतु त्याच मुलास जर विचारलें कीं, "तूं उभा आहेस तेथून उत्तर कोणत्या बाजूस?" तर पुष्कळदां तें भिंतीवरील नकाशा आठवतें आणि छताकडे बोट दाखवितें. नकाशांत उत्तर वरती असते, म्हणून त्याच्या लेखीं ती आढ्यालाच असावयाची! राजधानी पाठ होणें आणि उत्तर दिशा सांपडणें ह्या दोन गोष्टींच्या मध्यें प्राथमिक शाळेचीं चार-पांच वर्षें पसरलेलीं असतात, आणि त्या वर्षांत मुलाच्या मनांत जी घडामोड होते ती फार मनोरंजक आहे.

ती पाहण्यास मीरा-भाईंदर शहराच्या हद्दींतलें मुर्धा हें गांव मोठें सोयीचें आहे. भाईंदर स्थानकाहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें ओळीनें लागतात. उत्तरेस वसईची खाडी आणि खाडीपलीकडे वसई. पश्चिमेस डोंगरी, उत्तन आणि मग समुद्र. पूर्वेस रेल्वे आणि उंच इमारतींचें भाईंदर. आणि सखल भागांत मिठागरें, तिवरांचीं रानें व भरतीच्या पाण्यानें भरणाऱ्या नाळा. खाडी, बेट, भरती, दलदल, टेकडी, बंदर, गांव आणि शहर हे पाठ्यपुस्तकांतले सगळे शब्द येथें थोडक्या अंतरांत प्रत्यक्ष भेटतात.

सहा वर्षांचें मूल शाळेंत येतें तें थोडासा भूगोल बरोबर घेऊनच येतें. मात्र तो त्याच्या शरीराला चिकटलेला असतो. पुढें-मागें, वर-खालीं, आंत-बाहेर हें त्यास उमगलेलें असतें. डावें-उजवेंही हळूहळू कळूं लागतें. पण समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताच्या बाजूस येतो, हें पटावयास आणखी कांहीं काळ जावा लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे व त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर ह्यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या प्रश्नाचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृति मांडून ते मुलास विचारीत कीं, पलीकडे बसविलेल्या बाहुलीला हे डोंगर कसे दिसत असतील? लहान मुलें बहुधा स्वतःस दिसणारा देखावाच बाहुलीच्या माथीं मारीत. पुढील संशोधकांनीं दाखविलें कीं, प्रश्न ओळखीच्या वस्तूंविषयीं आणि सोप्या शब्दांत विचारला तर मुलें प्याजे ह्यांनीं मानलें त्याहून पुष्कळ लवकर दुसऱ्याच्या जागीं जाऊन पाहूं शकतात. शिक्षकाला ह्यांतून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, डोंगर पुठ्ठ्याचे असण्यापेक्षां ओळखीचे असलेले बरे.

ह्या वयाच्या मुलास घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढावयास सांगितलें तर कागदावर जें उमटतें तें नकाशा नव्हे, गोष्ट असते. घर, मग दुकान, मग देऊळ, मग कुत्रा बसतो ती जागा, मग शाळा. सर्व कांहीं एका रेषेवर, कारण तें चालतांना एकामागून एक भेटलें. आवडीचें दुकान शाळेएवढें मोठें असतें. घरें समोरून दिसतात तशीं काढलेलीं असतात, रस्ता मात्र वरून पाहिल्यासारखा; त्यामुळें रस्त्याच्या दोन्ही कडांची घरें आडवीं पडलेलीं दिसतात. हें चित्र चुकीचें म्हणून खोडणारे शिक्षक असतात, आणि तें अन्यायाचें आहे. मुलानें ठिकाणें ओळखलीं, त्यांचा क्रम लावला. आतां त्या ओळीच्या ठिकाणीं जाळें विणावयाचें राहिलें आहे. दोन वाटा एकाच देवळाशीं मिळतात, एका वाटेनें जाऊन दुसरीनें परत येतां येतें, हें ज्या दिवशीं त्याच्या ध्यानांत येतें त्या दिवशीं नकाशाची खरी सुरुवात होते. पायीं शाळेंत जाणाऱ्या मुलास हें लवकर साधतें. बसच्या खिडकींतून, तेंही अर्धवट झोंपेंत, रोज जाणाऱ्या मुलास शाळा आणि घर हीं दोन टोकें माहीत असतात. मधला प्रदेश कोरा राहतो.

वरून पाहण्याची दृष्टि मुद्दाम द्यावी लागते. त्यासाठीं काड्यापेटीसारखें दुसरें साधन नाहीं. पेटी कागदावर ठेवावी, भोंवतीं पेन्सिल फिरवावी आणि पेटी उचलून घ्यावी. राहिला तो तिचा आराखडा. मग बांकाचा, वर्गाचा, अंगणाचा. बांक कागदावर मावत नाहीं, तेव्हां तो लहान काढणें भाग पडतें आणि प्रमाणाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. वर्ग पावलांनीं मोजावा, एका पावलास वहीचा एक चौकोन धरावा. तिसरी-चौथींतल्या मुलांना हें उत्तम जमतें. परंतु ज्यानें पावलें टाकलेलीं नाहींत, त्याला "एक सेंटीमीटर बरोबर पांचशें मीटर" हें वाक्य नुसतें गणित वाटतें, आणि मोठेपणींही तसेंच वाटत राहतें.

मोठेपणीं त्याची किंमत द्यावी लागते, हें ह्याच भागांत दिसून आलें. मेट्रो ९ ह्या मार्गाच्या कारशेडसाठीं प्रथम राई, मुर्धा व मोर्वा येथील जागा योजिली होती. ग्रामस्थांनीं तीव्र विरोध केला, आणि पुढें कारशेड डोंगरी येथें नेण्याचें ठरलें. तेथेंही झाडांचा प्रश्न उपस्थित झालाच. कोणाची बाजू बरोबर हा येथें मुद्दा नाहीं. अशा प्रसंगीं गांवापुढें जो कागद येतो तो नकाशा असतो. त्यावरील रंगीत तुकड्यांत आपलें घर, आपलें शेत, पाणी वाहून जाण्याची नाळ कोठें आहे, तें रेषेच्या आंत कीं बाहेर, हें ज्याला स्वतः पाहतां येतें त्याची हरकत नेमकी असते. ज्याला पाहतां येत नाहीं त्याला दुसरा सांगेल त्यावर विसंबावें लागतें.

एका जागेंत दुसरी जागा सामावलेली असते, ही कल्पना मुलांना वाटते तितकी सोपी नाहीं. प्याजे ह्यांनीं ॲन-मारी वाइल ह्यांच्यासह १९५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत जिनीव्हांतील मुलांची गंमत सांगितली आहे. आपण जिनीव्हाचे हें त्यांना ठाऊक होतें. पण मग आपण स्विसही कसे, हें लहानांना पटत नसे, कारण एक माणूस दोन ठिकाणचा कसा असेल? मुर्ध्याच्या मुलाची अडचण ह्याहून मोठी आहे. पुस्तकाप्रमाणें तें मीरा-भाईंदर शहरांत राहतें. घरांत मात्र आजी म्हणते, "बाजाराला भाईंदरला जातें." शहरांतच राहावयाचें तर शहराला जावयाचें कसें? येथें आजीही चुकलेली नाहीं आणि पुस्तकही नाहीं. गांव जुनें आहे. नगरपरिषद १९८५ सालीं झाली, महानगरपालिका २००२ सालीं, आणि बोलण्याची रीत कायद्याच्या मागून सावकाश येते. जिल्ह्याचेंही तसेंच. महाराष्ट्रांत तिसरीचें परिसर अभ्यासाचें पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यागणिक निराळें काढण्याची चांगली प्रथा पुष्कळ वर्षें चालली. जवळचें आधीं, दूरचें मागाहून, हें त्यामागचें तत्त्व. पण १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला आणि खाडीपलीकडची वसई ठाणें जिल्ह्याच्या नकाशांतून गेली. जवळचें म्हणजे जिल्ह्यांतलें, असें मानणाऱ्या पुस्तकाला समोर दिसणारी वसई परकी ठरते आणि कधीं न पाहिलेलें मुरबाड जवळचें ठरतें. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली हें पुस्तकांतून शिकलेल्या मुलास, ती वसई म्हणजे समोरचाच किनारा, हें कोणी तरी बोटानें दाखवावें लागतें.

दिशांचा पाठ तर बहुतेक शाळांत खिडक्या बंद करूनच होतो. सूर्य पूर्वेस उगवतो, हें वाक्य वर्षांतून दोन दिवसच, मार्च व सप्टेंबरांतील विषुवदिनांच्या सुमारास, तंतोतंत खरें असतें. डिसेंबरांत मुर्ध्याहून पाहणाऱ्यास सूर्यास्ताची जागा ठीक पश्चिमेच्या पुष्कळ दक्षिणेस सरकलेली दिसते, जूनमध्यें तितकीच उत्तरेस. खरी उत्तर हवी असेल तर अंगणांत एक मीटरची काठी उभी करावी. डिसेंबराच्या अखेरीस दुपारची सर्वांत आंखूड सावली सुमारें नव्वद सेंटीमीटर भरते आणि सरळ उत्तरेकडे पडते. ही वेळ घड्याळांतल्या बाराची नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२॥ रेखांशाची, मुर्धा ७२।।। रेखांशाच्या आसपास, दर अंशास चार मिनिटें ह्या हिशेबानें येथील खरी दुपार साडेबारानंतर होते. आणि मौज अशी कीं, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हीच दुपारची सावली दक्षिणेस पडते, कारण सूर्य तेव्हां डोक्याच्या उत्तरेस गेलेला असतो. शाळा जूनमध्यें सुरू होतात. म्हणजे दुपारची सावली उत्तर दाखविते असें शिकविण्यास पंतोजींनीं निवडलेला महिना नेमका अवघड! एरवीं ढगांमुळें ही फजिती झांकून जाते.

आठ-नऊ वर्षांच्या सुमारास मुलाचा प्रश्न बदलतो. "हें काय?" आणि "तें कोठें?" ह्यांच्या जागीं "येथेंच कां?" असा प्रश्न येऊं लागतो. भूगोलाचा गाभा येथें आहे, आणि त्याला मिठागराएवढें चांगलें उत्तर क्वचितच मिळेल. मीठ भाईंदरच्या बाजूस कां पिकलें? जमीन सखल व सपाट, म्हणून उधाणाचें पाणी आंत घेतां येतें. माती चिकण, म्हणून तें मुरून जात नाहीं. येथें वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरांत. उरलेले महिने ऊन आणि वारा. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार; तें एका वाफ्यांतून दुसऱ्यांत फिरवीत आटवीत नेलें कीं शेवटीं मीठ बसतें. जमीन, पाणी, हवा आणि माणसाचे श्रम ह्या चारांची सांगड मुलानें एकदां लावली कीं, पुढें कापूस वऱ्हाडांत कां आणि भात कोंकणांत कां, हें तें स्वतःच विचारूं लागतें.

भरतीचेंही असेंच. कोळ्यांच्या घरांत एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पांचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून पूर्ण भरती अदमासें पावणेचारला. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते, कारण चंद्रही तितकाच उशिरा माथ्यावर येतो. पाऊण तासाचा हिशेब त्याच्या अगदीं जवळ आहे. चौथींतला अपूर्णांक आणि आजोबांचें ज्ञान येथें एकत्र येतात. किनाऱ्यावरून उत्तरेस गेल्यास बोर्डी आणि कोसबाड लागतात. तेथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांकडे जावें, असें म्हणून गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा चालविली. त्या प्रयोगाचें स्मरण भूगोलाच्या शिक्षकानें विशेषें करून ठेवावें.

सर्वांत उशिरा कळतो तो पृथ्वीचा गोल. "पृथ्वी गोल आहे" हें पहिलींतलें मूलही म्हणतें, परंतु त्याच्या मनांत काय असतें तें निराळेंच. स्टेला वोस्निआडू व विल्यम ब्रूअर ह्यांनीं १९९२ सालीं अमेरिकन मुलांविषयीं प्रसिद्ध केलें कीं, कोणी पृथ्वी भाकरीसारखी गोल मानतात, तर कोणी पोकळ चेंडू मानून माणसें त्याच्या आंत सपाट तळावर बसवितात. हैदराबादच्या मुलांवरील १९९६ च्या अभ्यासांत पृथ्वी पाण्यावर टेकलेली मानणारीं पुष्कळ आढळलीं. हा मूर्खपणा नव्हे. पायांखालची सपाट जमीन आणि मोठ्या माणसांचा शब्द ह्या दोहोंना एकदम खरें ठरविण्याची ती खटपट आहे. म्हणून पृथ्वीचा गोल वर्गांत पहिल्यापासून असावा, हाताळावा, पण तो पटल्याची घाई करूं नये. उत्तनच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचें क्षितिज साडेचार किलोमीटरांच्या आंतच असतें. त्यापलीकडे जाणाऱ्या होडीचा तळ आधीं नाहींसा होतो, वरचा भाग मागून. दहा वर्षांच्या मुलास हें एकदां दुर्बिणींतून दाखवावें.

शहरांतल्या बाराव्या मजल्यावरच्या घरांतही पुष्कळ करतां येतें. खिडकींतून दिसणाऱ्या खाडीचें पाणी सकाळीं कोठवर होतें आणि दुपारीं कोठवर, हें लिहून ठेवण्यास वही आणि पंधरा दिवस पुरतात. भाईंदरहून गाडीनें वसईस जावें. गाडी दोन पूल ओलांडते, मध्यें पाणजू बेट लागतें. जातांना ज्या अंगास खाडी समुद्राकडे रुंदावत जाते ती बाजू डावी. परत येतांना तीच उजवी. सहा वर्षांचें मूल म्हणतें, समुद्रानें बाजू बदलली. शेजारीं बसलेली दहा वर्षांची बहीण हंसते आणि स्वतः उठून, तोंड फिरवून, त्याला दाखविते.